लेल्यांचा पिस्तुलांचा संग्रह

सिंगापुरात, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये पद्माकर लेल्यांचा जुन्या इंग्रजी पिस्तुलांचा संग्रह होता. चाप ओढला की गारगोटीची ठिणगी पडून उडणारी ती पिस्तुलं. संग्रहात पिस्तूल मात्र एकही नव्हतं. दोनशे वर्षांचं झालं तरी पिस्तूल ते पिस्तूल, आणि सिंगापूरच्या कायद्याला याबाबतीत थट्टा कळत नाही. म्हणून लेले नुसत्या पेट्या जमवत. महोगनीच्या, आत हिरवं कापड आणि पिस्तुलाच्या आकाराचा खड्डा.

तांजोंग पगारच्या ऑफिसातून आले की ते पाहुण्यांना हा खड्डा दाखवत. इथे नळी, इथे दस्ता. पाहुणे वाकून बघत. मग ही पिस्तुलं घडवणारे लंडनचे मँटन बंधू, जॉन थोरला, जोसेफ धाकटा, थोरल्याच्या हाताखाली शिकून धाकटा त्यालाच कसा भारी पडला, हे सगळं ते स्वतःच्या भाऊबंदकीसारखं सांगत. तोवर त्यांची बायको शैला पोहे दोनदा गरम करी.

मागच्या वर्षी लंडनच्या म्हाताऱ्या विक्रेत्याला या निष्ठावान गिऱ्हाइकाची दया आली. पाचव्या पेटीत त्याने, न कळवता, पिस्तूलही घालून पाठवलं. पार्सल विमानतळावर अडकलं आणि लेल्यांना बोलावणं आलं.

तिथल्या अधिकारी बाईंनी हातमोजे घालून पेटी उघडली. लेल्यांनी पहिल्यांदाच भरलेला खड्डा पाहिला. नळीवरचं नाव, चापावरची नक्षी, दस्त्याची झीज. अस्सल मँटन. मग त्यांना एम्प्लॉयमेंट पास आठवला, ज्याच्या जोरावर इथली नोकरी चालली होती.

हे काय आहे, असं बाईंनी विचारलं.

"नक्कल," लेले म्हणाले.

पुढचा अर्धा तास त्यांनी चौदा वर्षांचा अभ्यास पणाला लावला. अक्षरं चुकीची, स्क्रू आजचे, लाकूड भिकार. महाराष्ट्र मंडळातलं त्यांचं भाषणही इतकं मुद्देसूद झालं नव्हतं. बाईंनी ते लेखी मागितलं. त्यांनी दोन पानं लिहून सही ठोकली.

"नक्कल असली तरी परवाना लागतोच," कागद घेत बाई शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्ही हे मागवलं नव्हतं, असं सोबतच्या विक्रेत्याच्या चिठ्ठीतच आहे. पार्सल परत जाईल."

ते गेलं. सोबत, रीतसर जोडलेली, लेल्यांची दोन पानंही गेली.

लेल्यांनी माफीच्या तीन ईमेल पाठवल्या. म्हाताऱ्याचं एका ओळीचं उत्तर आलं. आपल्यासारख्या जाणकाराला नकली माल पाठवल्याबद्दल तो दिलगीर होता, आणि पुन्हा असं होणार नव्हतं.

त्या दिवशी जेवताना ते नुसताच भात चिवडत होते. मुलगी जाई त्यांच्याकडे बघत शाळेतल्या सिंगापुरी हेलात म्हणाली, "फेकच होतं ना, बाबा? मग सॅड कशाला, लाह?"

"फेकच होतं," लेले म्हणाले आणि त्यांनी शैलाकडे वरण मागितलं.