रिकाम्या रकान्यातलं गाव

तळोद्याला जीपची वाट पाहताना मी ऑनलाइन गटातला रोजचा डेटाबेसचा प्रश्न सोडवायचो. त्या दिवशीच्या प्रश्नात तीन गावं होती. विजेच्या रकान्यात एकापुढे ‘आहे’, दुसऱ्यापुढे ‘नाही’, तिसऱ्यापुढे काहीच नाही. ‘आहे’ सोडून बाकीची मागितली, तर किती मिळतील?

मी ठामपणे ‘दोन’ लिहिलं. चुकलं.

“एकच. रिकामं म्हणजे माहीत नाही, ते गाळलं जातं,” गटप्रमुखाने लिहिलं.

चळवळीतल्या घरात पत्रकं वाटत वाढलेला मी भडकलो. “म्हणजे नोंद नाही, तर गावच नाही?”

“भाऊ, भाषण नको. रिकाम्यांना वेगळं विचारावं लागतं.”

शेजारी बसून फोनमध्ये डोकावणारी बहीण माझं भांडण वाचून हसली. “मंग इचार ना! भांडी काबर ऱ्हायना?”

चरफडत मी ‘किंवा रकाना रिकामा’ ही एक अट वाढवली. तिसरं गाव आलं. राग मात्र तसाच राहिला.