परीक्षणाआधीचा खेळ

डेल्मर क्रोगस्टाडला मी एकतीस वर्षं ओळखत होते आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं आमचं भांडण चालू होतं. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या आमच्या पेपरात तो सिनेमाची परीक्षणं लिहायचा आणि मी ती तपासून छापायला सोडायचे. महाकंजूष माणूस! चारपैकी चार स्टार त्याने हयातीत दोनदा दिले असतील. फुकट पास घ्यायचा नाही, तिकीट काढून लोकांत बसायचा आणि पडद्यावरचं शेवटचं नाव सरकेपर्यंत जागचा हलायचा नाही. पुस्तकावरून काढलेला सिनेमा असला, तर आधी ते पुस्तक, तेही पहिल्या पानापासून. "मूळ वाचलं नाही तर कशाच्या जोरावर बोलायचं, बर्नी?" असं वर मलाच विचारायचा. माझं नाव बर्नडीन लाहटी. बर्नी म्हणायची मुभा अख्ख्या ऑफिसात त्याला एकट्याला होती.

त्याचा एकुलता एक मुलगा टोबायस दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. बर्फावरून गाडी घसरली. सव्वीस वर्षांचा होता हो पोरगा. डेल्मर पाचव्या दिवशी कामावर आला आणि एका विनोदी सिनेमाला अडीच स्टार देऊन घरी गेला. ते परीक्षण नेहमीसारखंच नेटकं होतं. मी ते छापायला सोडलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

यंदा फेब्रुवारीत 'सात कंदिलांची खिंड' आला. एका जुन्या व्हिडिओ गेमवरून काढलेला ॲनिमेशनपट. चेटकिणी, ड्रॅगन, तलवारी, सगळा मालमसाला. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव निघालं आणि माझी जीभ वळवळली.

"काय रे डेल्मर, पुस्तक वाचल्याशिवाय तू थिएटरची पायरी चढत नाहीस. आता काय गेम खेळणार?"

सगळे हसले. तोही हसला. टोबायस गेम खेळायचा हे मला माहीत होतं, पण तो हाच गेम, हे माहीत नव्हतं. म्हणून काही माझी सुटका होत नाही. जळो माझं तोंड.

गुरुवारी दुपारी त्याने परीक्षण आणून दिलं. लिहिलं मात्र सुरेख होतं. त्याने म्हटलं होतं: गेममध्ये एकेक कंदील पेटवायला वारा पडायची वाट बघावी लागते, आपण चालवतो तो प्रवासी शेकोटीपाशी नुसता बसून राहतो आणि त्या बसण्यातच खेळणाऱ्याचा जीव गुंततो. सिनेमाने सातही कंदील अकरा मिनिटांत पेटवून टाकले. चित्रं देखणी आहेत, बर्फ पाहून मी कोटाची कॉलर वर केली, पण या सिनेमात कुणाला कुणासाठी थांबायला सवड नाही. स्टार दोन.

"दोनच? पोरं तुला फाडून खातील," मी म्हटलं. "आणि काय रे, खरंच खेळलास की काय?"

तो माझ्या टेबलाच्या कडेवर टेकला. एकतीस वर्षांत असा कधी टेकला नव्हता.

"बर्नी, आपल्याकडे जुनी प्रत कुठे राहते?"

आमच्या कॉम्प्युटरवर लेखात एक अक्षर बदललं तरी तो विचारतो, जुनी प्रत जाईल, चालेल? आम्ही न वाचताच हो म्हणतो. दिवसातून चाळीस वेळा. काही जात-बित नाही, जुन्या सगळ्या प्रती खाली साठवणीत पडून असतात, हे इथल्या शिपायालाही ठाऊक आहे.

"टोबीच्या गेमच्या मशीनवर मी पहिल्यापासून सुरुवात केली," तो म्हणाला. "गेमने विचारलं, जुना प्रवास पुसला जाईल, चालेल? मी हो म्हटलं."

मी हातातलं परीक्षण खाली ठेवलं. कारण मला मारितचं माहीत होतं. मारित त्याची बायको. दर रविवारी चर्चमधून आली की ती एक गेम लावते, हे तिनेच मला सांगितलं होतं. खेळत नाही. टोबीचा प्रवासी निळी घोंगडी पांघरून शेकोटीपाशी बसलेला असतो, डोक्यावर टोबीचं नाव असतं, त्याचे खांदे श्वासाबरोबर हलतात. ती शेजारी बसून कॉफी पिते आणि मशीन बंद करते. त्या मशीनला ती धूळसुद्धा दुसऱ्याला पुसू द्यायची नाही. मंगळवारी ती चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली, तेवढ्यात हा बसला होता.

मी आमच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, त्या गेममध्ये एकच प्रवास राहतो. पुसला म्हणजे पुसला."

"तिला आजच सांग," मी डेल्मरला म्हटलं.

"दोन दिवस तोंड उघडतोय आणि मिटतोय. रविवारी तू ये. मला एकट्याला नाही जमायचं."

रविवारी मी खजुराच्या वड्यांचा डबा घेऊन गेले. दुसरं काय नेणार? मारितने कोट काढला, तिघांना कॉफी ओतली, "बस गं बर्नडीन," म्हणाली आणि टीव्हीसमोर खाली गालिच्यावर बसली. डेल्मर तिच्या मागे उभा होता.

"मारित, थांब. मला बोलायचंय."

"बोल की," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

शेकोटी पेटली. तिच्यापाशी गोणपाट गुंडाळलेला एक अनवाणी प्रवासी बसला होता. डोक्यावर नाव होतं, डेल्मर. गेमने नाव विचारल्यावर या मेल्याने सरळ स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मारित पडद्याच्या जवळ सरकली. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं. मशीन बंद करून तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"मी पुसलं," डेल्मर म्हणाला. "मला वाटलं, जुना कुठेतरी राहतो. सिनेमावर लिहायचं होतं, म्हणून आधी..."

मला वाटलं ती किंचाळेल. किंचाळली असती तर बरं झालं असतं. त्या अनवाणी प्रवाशावरून नजर न काढता, डेल्मरकडे न वळता ती सावकाश बोलली.

"दहा वर्षांचा असल्यापासून तो तुला म्हणत होता, बाबा, एकदा बस ना माझ्याशेजारी. एकदा तरी. तुला रोज कुठला ना कुठला सिनेमा असायचा. आता बसलास, डेल्मर. त्याला उठवून बसलास."

डेल्मरने मान डोलावली. ती खरं बोलत होती आणि ते आम्हा तिघांनाही कळत होतं.