खोळीतला हिरवा दिवा

शेजारीपाजारी त्यांना खोळवाल्या काकू म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जन्मभर शिलाई केलेली बाई. घरात उघडी वस्तू दिसली की हात शिवशिवायचे. मिक्सरला खोळ, रिमोटला खोळ, नातीची पाण्याची बाटलीसुद्धा सुटली नव्हती. त्या सकाळी राउटरची पाळी आली. काकूंनी डबा खसाखसा पुसला, वायरी इकडेतिकडे ओढल्या, खोळ चढवली आणि तळाला टाके घातले. दिवा दिसावा म्हणून वर खिडकी ठेवली. एकच. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं!

आणि नेमकी आजच सुनेची मुलाखत होती, कॉम्प्युटरवर. नात झाल्यापासून घरी बसलेल्या पोरीला कितीतरी अर्जांनंतर आलेलं हे पहिलं बोलावणं. तळमजल्यावरच्या त्यांच्या मागच्या खोल्यांत मोबाइलला रेंज नाही; सगळी भिस्त डब्यावर.

मुलाखत रंगात आली आणि सून आतून ओरडली, "आई, आवाज गेला! राउटरचे दिवे बघा ना!"

"हिरवा आहे गं! चांगला जळतोय!"

"मग माझंच काहीतरी बिघडलंय." बटणं बडवल्याचा आवाज आला, मागोमाग रडवेला सूर. "जातील हो ते साहेब, आई. माझ्यासाठी थांबणार नाहीत."

काकू डब्यावर वाकल्या. सुनेनेच मागे शिकवलं होतं: वरचा दिवा विजेचा, मधला बाहेरच्या लाइनचा, खालचा घरातल्या वायफायचा. म्हणजे खिडकीतून दिसत होता तो नुसता विजेचा! काकूंनी कात्री उचलली. आपल्या हातचं शिवलेलं त्यांनी कधी कापलं नव्हतं. आज टराटरा फाडलं.

मधला दिवा लालभडक. बाहेरची वायर अर्धवट निसटलेली आणि तिचा प्लास्टिकचा चाप मोडलेला. हा पराक्रम सकाळच्या ओढाओढीचा. अंगठ्याने दाबली तसा दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला. सोडली की परत लाल. मग काकू दाबूनच उभ्या राहिल्या.

"माफ करा, लाइन गेली होती," आत सून सांगत होती.

"हरकत नाही," कॉम्प्युटरमधून साहेबांचा आवाज आला. "शेवटचं विचारतो. काम इथलं नाही, दुसऱ्या शहरातलं आहे. घर हलवावं लागेल. जमेल?"

हे काकूंना कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा, सून, नात, तिघंही जाणार. मागे राहणार त्या आणि त्यांच्या खोळी.

आत सुनेची खुर्ची नुसती करकरली. "हॅलो? ऐकू येतंय ना?" साहेबांनी विचारलं.

अंगठा जरा ढिला केला असता तर कोणाला कळलं असतं? विचार आला, खोटं कशाला बोला. काकूंना स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी दुसरा अंगठाही वर दाबला.

"हो," सून म्हणाली. "येऊ आम्ही."

थोड्या वेळाने ती डोळे पुसत बाहेर आली. फाटलेली खोळ, उघडा डबा, पांढरीफटक पडलेली बोटं, सगळं तिने पाहिलं.

"आई, सोडा आता. झालं."

काकूंना काही सोडवेना.