पाकिटावरची आई

वडनेरच्या फाट्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स थांबली, तेव्हा आईनं उशीच्या खोळीत भरलेल्या मूगवड्या माझ्या हातात कोंबल्या. "पुन्यात काई भेटलं नाई तं वड्याची भाजी करून खाजो." मी घाईनं खोळ सीटखाली सरकवली. शेजारी जीन्सवाली बसली होती ना!

त्याच वड्यांवर माझी कंपनी उभी राहिली, हे गावात राहिलेल्या तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. भोसरीत शेड, वड्या वाळवायचा एक ड्रायर, आणि पाकिटावर ठळक अक्षरांत 'आईच्या हातच्या वड्या'. जिथं माईक दिसेल तिथं मी आईची गोष्ट सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो. मग पाकिटावर फोटो टाकायची वेळ आली. मी आईचा फोटो दाखवला. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर गोंदण, समोरचा एक दात गायब. डिझायनर म्हणाला, "सर, जरा प्रीमियम आई पाहिजे."

आणि तुमचा हा उद्योजक म्हणाला, "करेक्ट."

नथवाली, गोरीपान मॉडेल आली. परातीपुढे बसवलं, तर तिनं वड्यांचे लाडू वळले. तरी मी "वा वा" केलं.

दिवाळीला फुशारकीनं खोकंभर पाकिटं गावी नेली. आईनं नीट न बघताच ती आळीभर वाटली. संध्याकाळी शेजारची कांताकाकू पाकीट नाचवत ओसरीवर हजर. "काऊन वं मंजुळा, तुह्या पोरानं माय बदलली का?"

बाया खो खो हसल्या. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. आईनं पाकीट उजेडात धरलं, त्या बाईच्या गालावरून अंगठा फिरवला. "गोरी हाय," एवढंच म्हणाली.

रात्री जेवताना मी वड्यांची भाजी मागितली.

"तुह्या मायले सांग ना करून द्याले."

आईनं पाकिटावरच्या बाईकडे बोट केलं. उद्याच तुझा फोटो लावतो असं मी म्हटलं, तर म्हणाली, "नोको बापा. त्या बाईची रोजी काऊन मारतो?"

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले भेटले, की घर म्हणजे काय यावर फार बोलतात. आमच्याकडे घरच्यांना चहा स्टीलच्या गिलासात मिळतो, पाहुण्यांना कपबशीत. गेल्या खेपेला आईनं बशी पदरानं पुसली आणि कप माझ्यापुढे ठेवला. मी तो चहा प्यायलो. गिलास हातात येईल त्या दिवशी घरी आलो म्हणायचं. तोवर मी वडनेरात पाहुणा आहे, आणि पाहुणचार मात्र झकास होतो.