आबांनी भर सभेत झाकायला लावलेलं यंत्र

आबा गेले.

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. मी पेरूच्या बागेत ड्रिप चालू करत होतो. तसाच बावड्याला निघालो.

दत्ताआबा म्हणजे आमच्या भागातले पेटंटचे वकील. जन्म पन्नासच्या दशकातला, बावड्यातलाच. वकिली पुण्यात केली, राजकारण मात्र गावाकडं.

आमच्या अंथुर्ण्यात पेटंट कुणाला ठाऊक? लोक त्यांच्याकडं सातबारा घेऊन जायचे. आबा तोही बघून द्यायचे.

मी नववी नापास. झाडावरच्या पेरूला कीड-डाग लागू नयेत म्हणून त्यावर फोमची जाळी आणि पिशवी एका दमात चढवणारं हातयंत्र मी बनवलं होतं. आबा घरी येऊन ते बघून गेले.

"पेटंटचा अर्ज मी लिहितो. तवर कुणाला दावू नगंस."

त्यातच पंचायत समितीची निवडणूक लागली. आबा उभे राहिले.

आमच्या गावातल्या सभेत कार्यकर्त्यांनी परस्पर माझा सत्कार ठरवला. शाल, फेटा, सगळं. मी यंत्र गोणपाटात गुंडाळून स्टेजवर नेलं. मलाही हौस होतीच.

गोणपाट सोडायला लागलो, तोच आबा उठले.

"झाक ते."

प्रचार सांभाळणारे बाळूतात्या कावरेबावरे झाले. "आबा, आवो आख्खं गाव बघतंय! मतं हायेत ह्याच्यावर!"

"तात्या, पेटंटचा अर्ज अजून दाखल न्हाय. हितं चारचौघांत दावलं की पोराचा हक्क गेला. उद्या कुणीबी बनवून विकंल."

"मग लोकांना काय सांगू?"

"सांगा, वकिलाला अक्कल न्हाय."

मी खाली मान घालून उतरलो. लोक चिडले. "गरिबाच्या पोराचं कौतुक बघवंना," अशी बोंब झाली. काही जण उठूनच गेले.

आमच्याच गावात आबा मागं पडले आणि हरले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते अर्जाचे कागद घेऊन सहीला आले.

"आबा, माझ्यापायी पडलात."

"पडायची सवय हाय रं मला. निवडणूक परत येती. तुझं यंत्र एकदा उघडं पडलं असतं, तर काय करणार हुतास? कर सही. नीट कर, गिचमीड नगं."

फीचं विचारलं, तर चहा मागितला.

पेटंट माझ्या नावावर झालं. आज इंदापूर-बारामतीच्या दुकानांत ते यंत्र आहे. आमचं घर त्यावर चालतं.

त्या सभेतून उठून गेलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढंच सांगायचंय.

आबांनी त्या दिवशी माझा अपमान केला नव्हता.

आबा, शेवटचा नमस्कार.