झोसिमीने न घेतलेला कागद

झोसिमी माझी सासू. आज तिच्या थडग्यापाशी दिवे लागतात. लांबलांबच्या बायका येतात, तिला संत म्हणून हात जोडतात आणि नाही नाही ते सांगतात. म्हणे सिंहाने तिचे पाय चाटले. आमच्या लाइकोस नदीच्या खोऱ्यात सिंह पाहिलाय कुणी? मी तिथे होते. झालं ते सांगते.

ती लोकर रंगवायची. आमच्याकडे गरम पाण्याचे झरे आहेत, त्या पाण्यात मंजिष्ठेचा तांबडा रंग पक्का बसतो. तिचे हात कोपरापर्यंत तांबडे असायचे. तोंडाने फटकळ. मी लग्न होऊन घरात पाऊल टाकलं, तर म्हणाली, "अम्मिया, रडणं-बिडणं नंतर. आधी ह्या लडी उलट्या कर, नाहीतर डाग धरतील."

तरुणपणी तिचं पहिलं मूल गेलं, तेव्हा तिने एका बड्या घरच्या बाळाला दूध पाजलं होतं. तो क्लेऑन. मोठा होऊन तो नगरसभेत बसला, तरी अंजिरं पिकली की टोपली घेऊन यायचा आणि तिला 'माई' म्हणायचा. आम्ही ख्रिस्ताची माणसं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने कधी विषय काढला नाही.

मग रोमच्या सम्राटाचा हुकूम आला. प्रत्येकाने देवळासमोरच्या चौकात जायचं, वेदीवर धूप टाकायचा, बळीच्या मांसाचा घास घ्यायचा. पंच ते बघणार आणि तसा कागद देणार. कागद नसेल त्याला तुरुंग. पाच पंच नेमले, त्यांत क्लेऑन एक.

माझा नवरा तेव्हा लोकरीच्या गाड्या घेऊन समुद्राकडे गेलेला. मला सातवा महिना. आमच्या प्रार्थनेला जमणारी माणसं एकेक करून चौकात जाऊन येऊ लागली. रस्त्यात दिसली की मान खाली घालून पलीकडून जायची. शेजारीण मात्र रोज कुंपणाशी उभी. "काय गं झोसिमी, तुझा कागद अजून वाळतोय का?"

"माझी लोकर वाळतेय. तुझी जीभही घाल की उन्हात जरा."

ती बोलायची असं. पण दाराशी पावलं वाजली की तिचा हात रंगाच्या कढईवर तसाच थांबायचा. मी ते पाहत होते.

कागद घ्यायची मुदत संपायला दोन दिवस उरले. भर सकाळी क्लेऑन आला. त्याने अंगणाचं दार लावून घेतलं आणि अंगरख्यातून दोन कागद काढले.

"माई, एक तुझा, एक अम्मियाचा. सही-शिक्का सगळं झालंय. चौकात यायचं नाही, काही नाही. फक्त घे आणि पेटीत टाक."

"मला कुठे वाचता येतं? वाच बघू."

त्याने चिडून वाचलं. "'मी झोसिमी, नेहमीच देवांना बळी देत आले, आणि आज पंचांसमोर...'"

"थांब. नेहमीच?"

"तो मजकूर सगळ्यांना सारखाच असतो गं."

"तू पाच वर्षांचा होतास. तापाने फणफणलास, वैद्याने हात टेकले. नऊ दिवस मी उशाशी बसून एकाच नावाचा धावा केला. तू उठलास. आता ह्या कागदावर म्हणतोस, मी ते नाव कधी घेतलंच नाही?"

"माई, ते तुला मारतील!" त्याचा आवाज फाटला. "तुला कळतंय का? माझ्या डोळ्यांदेखत मारतील!"

"कळतंय. भीतीही वाटतेय. पण कागद नको."

तो माझ्याकडे वळला. कागद पुढे धरला. पोटातल्या बाळाने तेवढ्यात लाथ मारली, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आले. तसं काही झालं नव्हतं. मी भ्याले आणि कागद घेतला.

सासूने पाहिलं. पुन्हा कढईकडे वळली. संध्याकाळी भाकरी वाढताना मात्र मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. त्या तुकड्यापेक्षा तिने मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी शिपाई आले. तिला चौकात नेलं. मी मागोमाग गेले. कागद कमरेला खोचलेला, त्यामुळे मला कुणी अडवलं नाही.

मुख्य पंच म्हातारा होता, उन्हाने कंटाळलेला. "धूप टाक आणि घरी जा, बाई."

"नाही टाकणार."

शिपायांनी तिची मूठ उघडून धूप कोंबला, हात धरून निखाऱ्यांवर झटकला. चार कण पडले असतील. धूर आला. क्लेऑन ताडकन उठला. "टाकला! मी पाहिलं. लिहून घ्या, सोडा तिला."

गर्दीतून लोक ओरडले, "टाकला, टाकला! जा घरी, म्हातारे!" त्यांतले अर्धे आमचेच होते. तिने गप्प राहावं म्हणून माझ्या जिवाचं पाणी झालं. नुसतं गप्प राहायचं होतं.

"मी टाकला नाही," ती म्हणाली. शिपायाने तोंडावर मारलं. रक्त पुसून ती पुन्हा म्हणाली, "ह्यांनी माझा हात झटकला. मी टाकला नाही. क्लेऑन, मी तुला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं रे."

म्हाताऱ्याने क्लेऑनकडे पाहिलं. आता एक तर ती खरी, नाहीतर तो. क्लेऑनचा चेहरा पांढराफटक पडला. तो खाली बसला.

तिला फटके मारून तुरुंगात टाकलं. मी रोज पाणी घेऊन दाराशी जायचे. पहारेकरी ओतून टाकायचे. सहाव्या दिवशी ती गेली. प्रेत द्यायचं नाही असा हुकूम होता. तरीही दुपारी एक गाडी आमच्या दारात आली, वर लोकरीचे गठ्ठे. हाकणारा क्लेऑनचा गडी. गठ्ठ्यांखाली ती होती. मी तिला न्हाऊ घातलं. हातांचा तांबडा रंग काही निघाला नाही.

मला मुलगी झाली. वर्षभरात हुकूम निवळला, आमची माणसं पुन्हा जमू लागली. मी सगळ्यांसमोर कागदाचं सांगितलं. प्रायश्चित्त म्हणून मला तीन वर्षं प्रार्थनेच्या दाराबाहेर उभं केलं. मी उभी राहिले. आतून दरवर्षी तिचं नाव वाचलेलं ऐकू यायचं.

बऱ्याच वर्षांनी, ती गेली त्या तिथीला, आम्ही थडग्यापाशी मधात कालवलेले शिजवलेले गहू वाटत होतो. भिंतीपलीकडे एक वाकलेला माणूस उभा दिसला. क्लेऑन. नगरसभा सोडून तो केव्हाच मळ्यावर राहायला गेला होता. मी वाडगा घेऊन त्याच्याकडे गेले.

"मी खाल्लेलं चालेल?" त्याने विचारलं.

"मी खाते ना," मी म्हटलं.

त्याने दोन्ही हात पुढे केले. आम्ही भिंतीला टेकून उन्हात बसलो आणि दोघांनी मिळून वाडगा संपवला.