पाचवी टिकली

“ह्या टिकल्या कोनाच्या हायत?”

बायको माझा कामावरचा शर्ट धुवायला घेऊन बसली होती. खिशातून निघालेल्या लाल टिकल्या तिनं तळहातावर माझ्यापुढे धरल्या. लग्नाला सहाच महिने झाले होते. तिचा आवाज फार गोड होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मी हसलो. “अवं, मशीनच्या पॅकिंगच्या हायत त्या. फाइलच्या पुठ्ठ्याच्या. मोजून पाह्य, पाच असतीन.”

तिनं मोजल्या. “चार हायत.”

“नीट मोज.”

“चारपरेंत येते मले मोजता.”

चहाचा कप माझ्या तोंडापाशीच थांबला. कप तसाच खाली ठेवून मी असा उठलो की बायकोनं टिकल्यांची चौकशीच सोडून दिली.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. पांढरकवड्याच्या बाजूला सागवान तोडणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी मेकॅनिक होतो. हात बसलेला होता तो ट्रकवर आणि डिझेल इंजिनवर. त्या वर्षी मालकांनी नमुना म्हणून एक विलायती चेनसॉ आणली. पेट्रोलवर चालणारा हातातला आरा. पुढं लांब पोलादी पट्टी आणि तिच्या कडेनं फिरणारी, सायकलच्या चेनसारखी पण दात असलेली साखळी. घासून ती तापू नये म्हणून एका लहान टाकीतून पट्टीवर आपोआप तेल येत राहतं. त्याला बार ऑइल म्हणतात. आमच्या मशीनचं बार ऑइल पट्टीवर कमी आणि चालवणाऱ्याच्या धोतरावर जास्त यायचं.

चालवणारे होते थावराकाका. जवळच्या तांड्यातले बंजारा. वीस वर्षं दोन माणसांचा आरा ओढलेला माणूस. मला ते भिया म्हणायचे, भिया म्हणजे भाऊ. रोज संध्याकाळी धोतराचा काळा डाग दाखवून विचारायचे, “भिया, हे मशीन हाय का तेलाची घानी?”

मॅनेजर साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. “गुरुवारी मालक मशीन बघायला येताहेत. ही गळती मला दिसायला नको.”

मी मशीन उघडली. टाकी आणि पंप यांच्यामधलं पॅकिंग फाटलं होतं. पॅकिंग म्हणजे दोन धातूच्या भागांमध्ये बसवायचा पातळ पुठ्ठा, फटीतून तेल येऊ नये म्हणून. नवं मागवायचं तर मुंबईला पत्र, मग महिनाभर वाट. मी ऑफिसातल्या लाल फाइलचा पुठ्ठा घेतला, भागावर ठेवला आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत गेलो. आकार छान उमटला. मग पंचनं भोकं पाडली. एकूण पाच हवी होती, चार स्क्रूंची आणि एक तेल जायला. साहेबांना टेबलावर कचरा खपत नसे, म्हणून पडलेल्या चकत्या खिशात टाकल्या.

मशीन जोडून पांढऱ्या कागदावर दोन तास ठेवली. थेंब नाही. साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला. “एक्सलंट!” माझी छाती दोन इंच फुगली. मिनिटभर इंजिन चालवलं, तर पट्टी ओली दिसली. ती आदल्या दिवशीच्या तेलानं ओली होती, हे फुगलेल्या छातीला कुठून सुचणार?

आता बायकोच्या तळहातावर चारच टिकल्या होत्या. पाचवं भोक पाडलंच नसेल, तर गळती थांबणारच होती. तेलाचा रस्ताच मी बुजवून टाकला होता. आणि कोरडी साखळी तापते, ताणली जाते, तुटते. तुटून सुटली की हात, मांडी, तोंड, जे समोर येईल ते धरते. आज गुरुवार, मशीन तर पहाटेच बैलगाडीनं कूपात गेली होती. कूप म्हणजे जंगलाचा तोडीला काढलेला तुकडा. तिथं निरोप धाडायचं साधन म्हणजे माझीच सायकल.

वर्कशॉपात जाऊन बाकाखाली रांगत पाचवी टिकली शोधली. सापडली नाही. साहेबांकडे गेलो.

“साहेब, मशीन थांबवावी लागते. एक भोक राहिलं असेल.”

“असेल की आहे?”

“सांगता येत नाही.”

“मग सांगता येईल तेव्हा ये. मालक दहाला तिथं पोचताहेत. मी त्यांना काय, टिकल्या मोजायला सांगू?”

मी बाहेर येऊन उभा राहिलो. नोकरी जाईल म्हणून पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. ती पाच मिनिटं मी कुणाला सांगत नाही, इथं लिहून टाकतो.

मग सायकल हाणली. सात मैल. शेवटी गाडीवाटेचा वळसा टाळून आडवा घुसलो, सायकल खांद्यावर. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी फुटत होती. दूर मशीनचा आवाज ऐकू आला आणि मला हायसं वाटलं. आवाज आहे तोवर काका आहेत. पण जवळ जावं तसा तो चिरका होत गेला. गळा आवळल्यासारखा. मग एकदम बंद.

मी सायकल टाकून पळालो. आधी जळका वास आला, मग झाडांमधून धूर दिसला. पाय पळत होते, डोळे पुढं पाहायला तयार नव्हते.

दोन मजूर हिरव्या फांद्यांनी पेटलेली पानं झोडपत होते. थावराकाका बुंध्यावर बसलेले, उजव्या हाताची बोटं पाण्याच्या लोट्यात.

“काका! लागलं का?”

“बोटं पोळले. पट्टीले हात लावला. खाली ठेवली तं पाचोळाच पेटला.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू कायले धावत आला, भिया?”

“तेलाचं भोक पाडाचं राह्यलं, काका. माह्याच हातानं.”

“मले वाटलंच. इतके दिवस मशीन मुतून राह्यली होती, आज धोतर कोरं. मनलं, हिचं पोट काहून बांधलं? म्हनून बंद करून हात लावला.”

पट्टी तापून निळी पडली होती. मी साखळी एका काटकीनं उचलली आणि ती काटकीवरच तुटली. दोन्ही टोकं लोंबत राहिली. काकांनी लोट्यातली बोटं काढून एकदा नीट पाहिली आणि परत बुडवली.

तेवढ्यात मालकांची जीप आली, साहेबही सोबत. साहेब माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते की खोटं बोलायला पूर्ण मुभा होती. काकाही पाहत होते. मी सरळ सांगितलं.

“आणि गळती?” मालकांनी विचारलं.

“ती पूर्ण बंद झाली, साहेब.”

मालकांना हसू आलं नाही. मला महिनाभर ट्रकचे टायर बदलायला बसवलं.

मुंबईहून साखळी आणि पट्टी आल्यावर नवं पॅकिंगही मीच कापलं, कारण दुसरा कुणी नव्हता. कूपात जाऊन पाच टिकल्या काकांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी बोटानं एकेक सरकवत मोजल्या. मग मशीन माझ्याकडे ढकलली.

“पयलं झाड तू काप.”

मी कापलं. मशीन जास्त थरथरत होती की मी, हे तिथले मजूर अजून सांगतात. काकांनी चालू मशीनचं टोक नव्या कापाच्या पांढऱ्या बुंध्यासमोर धरायला लावलं. तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे तेल साखळीपर्यंत पोचत होतं. पॅकिंगमधूनही एक थेंब त्यांच्या धोतरावर पडला.

“अजून गळते, काका. घट्ट करतो.”

“हात लावजो नोको,” ते म्हणाले आणि मशीन माझ्या हातातून काढून घेतली.

पुढं नोकरी संपेपर्यंत मी भोकं आधी मोजली आणि शाबासकी नंतर घेतली. शाबासकी कमी मिळाली. शर्टाचे खिसे मात्र बायको अजून धुण्याआधी तपासते.